लॉयडची हिरवी व्हेगा

“टाकी फुल्ल आहे,” लॉयड म्हणाला. “वाटेत कुठे थांबायला नको तुला.”

मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो, पाठीला चिकटलेलं गवत झटकलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा मनात आलं, की इथं काहीतरी गडबड आहे.

विकायला काढलेल्या गाडीची टाकी कोणी भरून ठेवत नाही. तोवर मी तीन जुन्या गाड्या विकत घेतल्या होत्या, आणि बघून सोडून दिलेल्यांची तर मोजदादच नव्हती. सगळीकडे काटा तळाला टेकलेला. विकणारा शेवटचा थेंबसुद्धा स्वतः जाळतो आणि मगच किल्ली देतो. आणि हा ऐंशीच्या घरातला म्हातारा मला भरलेली टाकी देत होता. टायर नवे होते. तेल इतकं ताजं, की दांडी पुसून पाहिली तर मधासारखा रंग. काचा आतून-बाहेरून पुसलेल्या.

“गंज कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीये.”

“पुढच्या पत्र्यांना? चाकांच्या वर?”

“बघितलंस ना आत्ता? नाहीये. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, तेव्हा बाहेर काढलीच नाही कधी. डोरिस काढू द्यायची नाही.”

डोरिस म्हणजे त्याची बायको. ती नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली होती, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. गाडी तिची. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची व्हेगा, स्टेशन वॅगन, शेवाळी हिरव्या रंगाची.

ज्यांना जुन्या गाड्यांचं वेड नाही त्यांना हे सांगावं लागतं. अमेरिकन जुनी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बोटीएवढ्या लांब, पंख असलेल्या गाड्या येतात. मला त्यांचं काही नाही. मी गोळा करायचो त्या सत्तरच्या दशकातल्या छोट्या वॅगन्स. लांबीला आपल्या अँबॅसॅडरएवढ्या, उंचीला बुटक्या, दोनच दारं, आणि मागे सामानासाठी लांबलचक जागा. पेट्रोल महागलं तेव्हा साध्या कुटुंबांनी घेतल्या, वापरून वापरून संपवल्या आणि भंगारात दिल्या. त्यामुळे आता सापडत नाहीत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आम्हाला अगदी शेवटच्या रांगेत, संडासांशेजारी उभं करतात. मी कॅन्ससला शिकायला आलो तेव्हा घेतलेली पहिली गाडी तशीच होती, एक तपकिरी पिंटो वॅगन. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली सोडून दिली होती, तेव्हा तिच्या मागच्या जागेत गादी टाकून मी झोपलो आहे. तिथून हे वेड लागलं.

आणि गंज नसलेली व्हेगा वॅगन म्हणजे काय, हे माझ्यासारख्यालाच कळणार. सबंध आठवडा मला धड झोप नव्हती. कॅन्सस सिटीचा एक जण तिच्यावर टपून आहे, अशी आमच्या वॅगनवाल्यांच्या क्लबात कुजबुज होती. म्हणून शनिवारी भल्या सकाळी भाड्याचा ट्रेलर जोडून मी ओमाहाहून निघालो आणि नेब्रास्काच्याच पश्चिम भागात, जिथं झाडं संपतात आणि नुसत्या गवताच्या टेकड्या उरतात, तिथं दुपारच्या आत पोचलो.

बरोबर माझ्या सासूबाई होत्या.

हे ठरवून झालं नव्हतं. माझी बायको केतकी तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरकीची रेसिडेन्सी करत होती आणि शनिवार-रविवारी तिला ड्यूटी असायची. सासूबाई बार्शीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, कामाशिवाय बसायची सवय नसलेल्या बाई. आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, “निशिकांत, मी येऊ का तुमच्याबरोबर? घरात भिंती बघून कंटाळा आला.” नाही म्हणायला जागा नव्हती. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, ती मला गाडी चालवता चालवता खायला लावली.

आता त्या शेडच्या दारात उभ्या राहून लॉयडकडे बघत होत्या. साडीवर स्वेटर, पायांत केतकीचे बूट.

“किमतीचं म्हणशील,” लॉयड म्हणाला, “तर फोनवर बोललो त्याच्या निम्मे दे.”

मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

“निम्मे का?”

“मला सगळं आवरायचंय. मुलगी टूसॉनला असते. पुढच्या शनिवारी न्यायला येतेय, तिच्याकडेच राहणार आता.” तो हसला. लांबट, उन्हानं रापलेला चेहरा, नुकतीच केलेली दाढी. “तिकडे ऊन असतं म्हणे बारा महिने. म्हाताऱ्या हाडांना बरं.”

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाले. गाडी चोरीची असेल का? कागद खोटे असतील? इंजिनात असं काही असेल का जे थंड असताना कळत नाही? मी ती सुरू केली. अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. गरम होईतो चालू ठेवली, पुढे-मागे घेतली, कुरणातल्या कच्च्या रस्त्यावरून टेकडीपर्यंत नेऊन आणली. काही नाही. धूर नाही, आवाज नाही. तेवढी चांगली गाडी मला पुन्हा कधी मिळाली नाही, आणि त्या क्षणी मला तिची भीती वाटत होती.

परत आलो तेव्हा लॉयडनं शेडमधून खोकी बाहेर काढून ठेवली होती. जादाचा कार्बोरेटर. कागदात गुंडाळलेले मागचे दिवे. हेडलाइटच्या कड्या. एक अख्खं दार.

“हे पण ने.”

“याचे किती?”

“कसले किती? ने म्हटलं ना. ती लेथही नेतोस का? चांगली आहे. तो शेगडीवाला हीटर?”

“लॉयड, मी दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहतो.”

“बरं, बरं.” तो जरासा हिरमुसला. मग सासूबाईंकडे वळला. “मॅडमना काय देऊ?”

त्यांना इंग्रजी समजायचं, सावकाश बोललेलं तर नीटच समजायचं. बोलायला मात्र त्या बिचकायच्या. त्या मला म्हणाल्या, “त्यांना म्हणावं काही नको. फक्त बाथरूमला जायचंय.”

लॉयड त्यांना घरात घेऊन गेला. पांढरं लाकडी घर, पुढे ओटा. मी गाडीखाली पुन्हा एकदा टॉर्च मारून पाहत होतो. बऱ्याच वेळानं ते दोघं बाहेर आले तेव्हा सासूबाईंच्या दोन्ही हातांवर एक गोधडी होती. डोरिसनं शिवलेली. लहान लहान त्रिकोणी तुकड्यांची, निळी आणि पांढरी.

“माझं न ऐकता दिली,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. पण माझं लक्ष ट्रेलरकडे होतं.

गाडी चढवायला वेळ लागला. लॉयडनं बाजूनं हात करून दिशा दाखवली, मी हळूहळू वर घेतली, चाकांना पट्टे आवळले. वारा सुटला होता. त्या भागात वाऱ्याला अडवायला काही नाही, गवत लांबवर एकाच दिशेला झुकलेलं दिसतं. मला लवकर निघायचं होतं. आपण काहीतरी फार स्वस्तात उचललंय आणि कोणीतरी मागून हाक मारील, अशी धाकधूक सारखी वाटत होती.

लॉयड सही केलेले कागद आणायला घरात गेला. सासूबाई माझ्याजवळ आल्या.

“निशिकांत, गाडी उतरवा.”

“काय?”

“गाडी उतरवून ठेवा. आज न्यायची नाही.”

मला वाटलं, त्यांना गोधडीचा संकोच वाटतोय, किंवा किंमत कमी दिली म्हणून वाईट वाटतंय. मी म्हटलं, “आई, त्यांनीच निम्मे सांगितले. मी घासाघीस केली नाही.”

“पैशांचं नाही म्हणत मी. त्यांची मुलगी कधी येणार म्हणाले?”

“पुढच्या शनिवारी.”

“आज शनिवार. आणि फ्रिज बंद करून ठेवलाय. वायर काढलीय, दार उघडं ठेवून मध्ये टॉवेल अडकवलाय, वास येऊ नये म्हणून. आत दाणा नाही. कपाटंसुद्धा पुसून कोरडी. मग हा माणूस आठवडाभर खाणार काय?”

“बाहेर खात असतील.”

“इथं? कुठे आहे बाहेर?”

मी आजूबाजूला पाहिलं. सर्वांत जवळचं गाव कितीतरी मैल मागे राहिलं होतं, आणि तिथं एक पेट्रोल पंप आणि चर्च एवढंच होतं.

“घरात एक बॅग भरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “एक खोकं नाही. मुलीकडे कायमचं राहायला जाणाऱ्या माणसाचं घर असं असतं? मी बघितलं. बेडरूमचं दार उघडं होतं. पलंगावरच्या चादरीसुद्धा काढल्यात. फक्त दारावर एक काळा सूट टांगलाय, इस्त्री केलेला. खाली बूट. पॉलिश केलेले.”

“चर्चला घालायचा असेल उद्या.”

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीच वाटली होती, पण ती रागासारखी बाहेर पडली. “आई, म्हातारा एकटा आहे. बायको गेलीय. जरा विचित्र वागणारच. आपण त्यांचे कोण? आपण गाडी घ्यायला आलोय. असं कसं विचारायचं कुणाला? ह्या देशात तर मुळीच नाही विचारत.”

“मग नका विचारू. गाडी उतरवा.”

“त्यानं काय होणार?”

“त्यांना तिची सोय लावायचीय,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं झालंय. एवढीच राहिलीय.”

ओट्यावरचं जाळीचं दार वाजलं. लॉयड कागद घेऊन येत होता. चालण्यात एक हलकेपणा होता, काम संपल्यावर माणूस चालतो तसा. मी ट्रेलरच्या पट्ट्याला हात लावून उभा राहिलो. पट्टा सोडायचा की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. एकीकडे वाटत होतं, ह्या बाई नसत्या भानगडीत पाडणार. दुसरीकडे ती भरलेली टाकी डोळ्यांपुढून हटत नव्हती.

“घे,” लॉयड म्हणाला. “सह्या झाल्या.”

“लॉयड,” मी म्हटलं, “काही लागलं तर... टूसॉनचा तुमचा नंबर देऊन ठेवता?”

“लागणार नाही काही.”

“तरी. कागदांचं काही निघालं तर.”

“निघणार नाही. मी सगळं तपासलंय.” आवाज मऊ होता, पण दार लावून घेतल्यासारखा.

सासूबाई पुढे आल्या. गोधडी त्यांनी नीट घडी करून ट्रेलरच्या काठावर ठेवली. “त्यांना सांगा,” त्या मराठीत म्हणाल्या, “मला त्यांच्याशी थोडं बोलायचंय. मी बोलते तसं एकेक वाक्य सांगत जा. आपल्या मनाचं घालू नका.”

मी लॉयडला सांगितलं. तो जरा आश्चर्यानं थांबला, टोपी मागे सरकवली.

“त्यांना म्हणावं, माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात होते. आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो.”

मी इंग्रजीत सांगितलं. लॉयडनं सभ्यपणे मान हलवली.

“ते गेले तेव्हा माझी मुलगी शिकायला बाहेर होती. धरणाच्या भिंतीवरून पाय घसरून पाण्यात पडले, असं सगळे म्हणाले. मीही तसंच सांगत आले.”

हेही मी सांगितलं. एवढं मला माहीत होतं. केतकीनं आमच्या लग्नाआधीच मला सांगितलं होतं, आणि त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नव्हती.

“पाय घसरला नव्हता.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. “आई?”

“तुमचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी त्यांना सांगा.”

मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार छोटं झालं. लॉयडचा चेहरा हलला नाही, पण त्याच्या हातातले कागद वाऱ्यानं फडफडायला लागले आणि त्यानं ते धरले नाहीत, नुसते हातात राहू दिले.

“त्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. विळीला धार लावून आणली. नवीन सिलिंडर आणून ठेवला. रेडिओ शेजारच्यांना देऊन टाकला, म्हणाले, आपण कुठे ऐकतो. दोन वर्षं ते कुणाशी धड बोलत नव्हते, जेवत नव्हते. आणि त्या आठवड्यात हसायचे. तुम्ही आज हसताय तसे. मला इतकं बरं वाटलं. मला वाटलं, सुटलं एकदाचं माणसाचं दुखणं.”

मी एकेक वाक्य पुढे करत होतो. माझाच आवाज मला परका वाटत होता. मी माझ्या सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते मला त्या उघड्या माळावर, एका परक्या म्हाताऱ्यासमोर, पहिल्यांदा कळत होते, आणि मला थांबायची परवानगी नव्हती.

“तिला म्हणावं, तिचा गैरसमज झालाय,” लॉयड म्हणाला.

मी मराठीत सांगायला वळलो, पण त्यांना ते कळलं होतं. “असेल,” त्या म्हणाल्या. “असेल तर चांगलंच आहे. मग त्यांनी मुलीला आत्ता फोन करावा. आपल्यासमोर. एवढंच.”

लॉयड ताठ झाला. मग तो माझ्यावर ओरडला, त्यांच्यावर नाही. हे माझं घर आहे, माझी जमीन आहे, गाडी घे आणि चालता हो. कोण समजतेस तू स्वतःला, असं काहीसं त्यांना उद्देशून, पण माझ्याकडे बघत. त्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. मी सासूबाईंच्या पुढे जाऊन उभा राहिलो. इथल्या घरांत बंदुका असतात, हे माझ्या डोक्यात घुमत होतं. आमच्यासाठीही, आणि त्याच्यासाठीही.

“चला आई,” मी म्हटलं. “आपण गावात जाऊन कुणाला तरी सांगू.”

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “मी बसते इथं.” आणि खरंच त्या ट्रेलरच्या उतरत्या फळीवर जाऊन बसल्या. पदर गुडघ्यांवर ओढून घेतला, गोधडी मांडीवर घेतली.

मी पट्टे सोडायला लागलो. ठरवून नाही, पण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. एक पट्टा सोडला, दुसरा सोडला. लॉयड बघत होता. तो ओरडायचा थांबला होता.

“काय करतोस?”

“गाडी उतरवतोय. आज नको मला.”

“तुला आवडली नाही?”

“आयुष्यात इतकी चांगली पाहिली नाही,” मी म्हटलं. “पण आज नाही नेणार.”

वाऱ्यानं एक कागद त्याच्या हातातून सुटला आणि गवतात गेला, तो आणायला कुणीच गेलं नाही. मग त्यानं मला विचारलं, पण नजर सासूबाईंवर होती. “तिला विचार, तिला त्या आठवड्यात हे कळलं असतं, तर तिनं काय केलं असतं?”

मी विचारलं. सासूबाईंनी मांडीवरच्या गोधडीवरून हात फिरवला.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “मला काय करता येणार होतं? शेजारी बसून राहिले असते. त्यांनी कितीही जा म्हटलं तरी हलले नसते.”

हे मी त्याला नीट सांगू शकलो की नाही, कोण जाणे. पण लॉयड खाली बघत दोन पावलं चालला आणि त्या फळीवर, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केस विरळ होते, वाऱ्यानं उडत होते. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा मी तोंड फिरवलं.

नंतर तो बोलायला लागला. डोरिसबद्दल. आधी मी मराठीत सांगत होतो, मग सासूबाईंनी हातानं मला थांबवलं. तो इंग्रजीत बोलत राहिला, त्या ऐकत राहिल्या. किती समजत होतं माहीत नाही. मधूनच त्या “हं” म्हणायच्या आणि तो पुढे बोलायचा.

शेवटी मुलीचा नंबर त्यानं मला तोंडी सांगितला. माझ्या मोबाइलला तिथं रेंज नव्हती. मी त्याच्या स्वयंपाकघरात गेलो, भिंतीवरच्या फोनवरून टूसॉनला लावला. फ्रिजचं दार समोर उघडं होतं, टॉवेल अडकवलेला. त्याच्या मुलीचं नाव मार्गी. तिला पुढच्या शनिवारबद्दल काही माहीत नव्हतं. बाबा इकडे येणार आहेत हे ती माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकत होती. मी अडखळत सांगत गेलो आणि पलीकडे आधी प्रश्न आले, मग नुसता श्वास. मग ती म्हणाली, “त्यांना सोडून जाऊ नका. प्लीज. मी शेजारच्या टेडला फोन करते. मी विमान बघते.”

टेड तासाभरात ट्रकमधून आला, बायकोला घेऊन. धिप्पाड माणूस, डोळे रडवेले. शेडमध्ये त्यानं व्हेगा पाहिली, आम्ही ती परत आत लावली होती, आणि मला म्हणाला, “गेल्या आठवड्यात त्यानं मला त्याची अवजारं दिली रे. सगळी पेटी. मी म्हटलं, वा.” आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. त्याच्या बायकोनं आल्या आल्या फ्रिजची वायर लावली आणि सोबत आणलेलं जेवण आत ठेवलं. निघताना सासूबाईंनी गोधडी लॉयडच्या हातात दिली. त्यानं घेतली.

परतीच्या वाटेवर रिकामा ट्रेलर मागे उड्या मारत होता. मी विचारलं, “केतकीला माहीत नाही?”

“नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदा बोलले.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “तुम्ही सांगू नका. मी सांगीन.”

“कधी?”

“सांगीन हो.”

घरी पोचल्यावर केतकीनं विचारलं, गाडी कुठाय, आणि मी म्हटलं, सौदा जमला नाही. ती मला चिडवायला लागली. सासूबाई कपडे बदलायला आत गेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले मलाच ठाऊक. केतकी ड्यूटीवरून दमून येणार, आईच्या मांडीवर डोकं टेकून टीव्ही बघणार, आणि मी समोर बसून सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघणार, आज सांगतात का. बाबांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. दोन-तीनदा वाटलं, आपणच बोलून मोकळं व्हावं. मग वाटायचं, हे आपलं नाही. आणि तिनं ऐकल्यावर काय होईल, ह्याची भीती तर होतीच. सतरा-अठराव्या वर्षी एक गोष्ट धरून उभं राहिलेल्या मुलीच्या पायाखालून तीच काढून घ्यायची.

मार्गीचे फोन येत राहिले. लॉयडला काही दिवस हॉस्पिटलात ठेवलं, औषधं सुरू झाली, मग ती त्याला खरोखरच टूसॉनला घेऊन गेली. व्हेगा टेडनं ट्रेलरवरून तिकडे पोचवली. मला ती मिळाली नाही. पुढे कितीतरी वर्षं लॉयड मला तिचा फोटो पाठवायचा, वाळवंटातल्या उन्हात, कधी वर निवडुंगाची सावली पडलेली. एकदा फोनवर म्हणाला, “विकत नाही हां मी, विचारू नकोस.” तो गेला तो म्हातारपणानं, झोपेत.

सासूबाईंची परतीची तारीख जवळ आली होती. एका रविवारी केतकीला सुट्टी होती. दुपारी त्या दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत होत्या, मी सिंकपाशी भांडी विसळत होतो. सासूबाई म्हणाल्या, “केतकी, बाबांचा पाय घसरला नव्हता.”

मी पाणी बंद केलं.

केतकीनं हातातली शेंग सोलली. दाणे वाडग्यात टाकले. “माहीत आहे,” ती म्हणाली.

सासूबाईंचे हात थांबले.

“ते मिरजेला आले होते. होस्टेलवर. त्याच आठवड्यात, गुरुवारी.”

“गुरुवारी? गुरुवारी ते सोलापूरला ऑफिसात गेले होते.”

“नाही आई. माझ्याकडे आले होते. माझा टेबल फॅन आवाज करायचा, तो खोलून नीट करून दिला. सायकलचे ब्रेक आवळले. मी म्हटलं, बाबा, एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात? तर हसले.” केतकीचा आवाज शांत होता, पण शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या. “नंतर सगळं लक्षात आलं माझ्या. तुला सांगितलं नाही. तू म्हणत होतीस ना पाय घसरला, मग मी म्हटलं, तुला तसंच वाटू दे.”

मी नॅपकिन हातात घेऊन उभा होतो. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, आता सासूबाई रडतील, किंवा चिडतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. इतकी पुढे, की त्यांचे गुडघे केतकीच्या गुडघ्यांना लागले.

“कुठला शर्ट घातला होता?”

“निळा. बारीक रेघांचा.”

“मीच इस्त्री करून दिला होता सकाळी. जेवले का तुझ्याकडे?”

“कॉलेजजवळ मिसळ खाल्ली आम्ही. पाव शिळे म्हणून मालकाशी भांडले, दुसरे आणायला लावले.”

सासूबाई हसल्या. डोळे भरून वाहत होते आणि त्या हसत होत्या. “भांडले? खरंच?”

“हो. आणि दोन चहा घेतले.”

“दोन?”

“दोन. दुसरा अर्धा माझ्या बशीत ओतला.”

मी हळूच मागचं दार उघडून बाहेर आलो. दार लावता लावता मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

“अजून काय म्हणाले? घाई नको, आठवून आठवून सांग. एक अख्खा दिवस होता तो, मला माहीतच नव्हता.”